इम्प्लांटची दुसरी शस्त्रक्रिया, आज नववा दिवस: डावी बाजू वर आणि कडक आहे, हे असंच असतं का?

ओलीमाती

नमस्कार. तीन दिवस झाले, लिहितेय आणि पुसतेय. आज पाठवतेच, कारण घरात याबद्दल बोलायला कुणी उरलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी ब्रेस्ट इम्प्लांट करून घेतले होते. सिलिकॉनचे, स्नायूच्या वर. नऊ वर्षं मला त्यांची आठवणसुद्धा होत नसे. मग डावी बाजू आवळायला लागली. आधी फक्त कुशीवर झोपलं की खाली काहीतरी आल्यासारखं वाटायचं. मग ती वर सरकली, गोल आणि टणक झाली, आणि शेवटच्या सहा महिन्यांत ब्राचा पट्टा लागला तरी दुखायचं. सर्जननी तपासून सांगितलं की इम्प्लांटभोवती शरीर वणाचं जे आवरण बनवतं, ती कॅप्सूल आवळलीय: बेकर ग्रेड ४, म्हणजे चारातली सगळ्यात वाईट पायरी. एमआरआयमध्ये कळलं की त्याच बाजूचं इम्प्लांट आतल्या आत फाटलंही होतं. मला बाहेरून काहीच जाणवलं नव्हतं.

नऊ दिवसांपूर्वी दोन्ही बदलले. डावीकडची कॅप्सूल पूर्ण काढली, उजवीकडची थोडीच, आणि दोन्हीकडे नवे इम्प्लांट स्नायूच्या खाली बसवले. उजवीकडचा ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणारी नळी, पाचव्या दिवशी निघाला. डावीकडचा अजून आहे. किती मिली आलं तो आकडा वहीत रोज लिहितेय: ९५, ८०, ७०, ६०, ५५, ५०, ४५, काल ४०, आज ४५. आज आकडा वाढला म्हणून सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

पहिल्या वेळी मी आठव्या दिवशी कामावर गेले होते. या वेळी आठव्या दिवशी मला स्वतःचे केस बांधता आले नाहीत. दहा वर्षांची मुलगी मागे स्टुलावर उभी राहून बांधते. कानाच्या वरची एक बट दरवेळी सुटते, मी ती तशीच राहू देते. पाठीवर झोपून पाठ मोडून आलीय. सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी छातीभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं होतं. आरशात डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं वर दिसते आणि हाताला दगडासारखी लागते. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं केलं तेच परत समोर. कालपासून मध्येच वीज चमकून जावी तशी कळही येते.

पहिल्या वेळी दहाव्या दिवसापासून मसाज करायला सांगितला होता. या वेळच्या डिस्चार्जच्या कागदावर मसाजचा शब्दच नाही. लिहायचं राहिलं असेल असं समजून उद्यापासून सुरू करावा म्हणतेय. करू ना?

आणि एक. आई म्हणाली, "धडधाकट शरीरावर स्वतःहून सुरी चालवून घेतलीस, आता सोस." ती रागानं नाही बोलली, ती घाबरली आहे, हे मला कळतं. तरी त्या दिवसापासून मी तिच्यासमोर दुखतंय म्हणत नाही.

रातवा

ओलीमाती, आधी मसाजचं, कारण ते उद्यावर आलंय. करू नका. सर्जनशी बोलल्याशिवाय बोटसुद्धा लावू नका.

कागदावर नाही ते राहून गेलं म्हणून नसेल, मुद्दामच नसेल. पहिल्या वेळी कप्पा, म्हणजे इम्प्लांट बसवायची आतली जागा, नवा होता आणि तो मोकळा राहावा म्हणून तुम्हाला मसाज दिला असेल. या वेळी तुमचा स्नायू नव्यानं उचलून त्याच्याखाली कप्पा केलाय. अशा वेळी वरचा जुना कप्पा बंद करायला पुष्कळदा आतून टाके घालतात. ते बाहेर दिसत नाहीत, त्यांना वरून पट्टी नसते, त्यामुळे ते आहेत हे आपण विसरतो. दाबून, सरकवून आपण नेमके तेच सैल करतो. उद्या फोन करून सरळ विचारा: माझ्या कप्प्यात आत टाके आहेत का, आणि मसाज कधीपासून, की करायचाच नाही? "सगळं ठीक आहे ना" असं विचारलंत तर उत्तरही "ठीक आहे" असंच येईल.

माझ्या दुसऱ्या शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले. माझं दुखणं तुमच्या उलट. उजवं इम्प्लांट खाली घसरत गेलं होतं, स्तनाखालची घडी सोडून खाली, आणि निपल वर आभाळाकडे. सर्जननी कप्प्याचा तळ आतून टाके घालून वर घेतला. डावीकडे फक्त जुनं काढून नवं घातलं. त्यामुळे माझ्या एकाच छातीवर दोन वेगळ्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि हे समजायला मला फार वेळ लागला. डावी बाजू दहाव्या दिवशी "मी बरी झाले" म्हणत होती आणि उजवी सहाव्या आठवड्यापर्यंत धड नव्हती. मी रोज दोघींची तुलना करायची आणि रोज रडायची. तुमच्याकडेही डावीकडे पूर्ण कॅप्सूल सोलून काढली आहे. ती जिथं चिकटलेली होती ती सगळी जागा आतून ओली जखम आहे. तिथून पाणी जास्त येणार, सूज जास्त राहणार, ड्रेन जास्त दिवस राहणार. उजवीकडे तेवढं काम झालंच नाही. दोन्ही बाजूंना एकच फूटपट्टी लावू नका, आणि अकरा वर्षांपूर्वीची तर मुळीच नको. तेव्हा शरीरात जुना वण नव्हता. आता सर्जनला वणातून वाट काढावी लागली, आणि वणाच्या पेशींना रक्तपुरवठा कमी असतो, त्या हळूच भरतात.

वर आणि कडक का दिसतं, तर स्नायू. त्याला उचलून त्याच्याखाली एक नवी वस्तू ठेवलीय, आणि तो सगळी ताकद लावून तिला दाबून धरतोय. सकाळचा तुमचा तो पट्टा तोच आहे. रात्रभर न हलल्यानं तो आखडतो. मला उठल्यावर खांदे अगदी हळू मागे-खाली सोडून पाच-सहा खोल श्वास घेतले की सैल व्हायचं. सर्जननी स्नायू सैल करायची एक गोळीही दिली होती, तीही विचारा. हा कडकपणा आणि तुमचा जुना कडकपणा हाताला सारखा लागतो, पण तो वेगळा आहे. कॅप्सूल आवळायला महिने लागतात, कधी वर्षं. नवव्या दिवशी हाताला जे लागतंय ती सूज आणि स्नायू.

इम्प्लांट खाली उतरून जागेवर बसायला तीन ते सहा महिने लागतात, दुसऱ्या वेळी त्याहूनही जास्त. मी दर रविवारी सकाळी एकाच खिडकीपाशी, एकाच उजेडात, हात बाजूला सोडून तीन फोटो काढायची: समोरून, डावीकडून, उजवीकडून. आणि मधल्या दिवसांत आरशाकडे बघायचंच नाही असं ठरवलं. दिवसादिवसात काही दिसत नाही. पहिला आणि सहावा रविवार शेजारी ठेवले तेव्हा दिसलं.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्ही नेमक्या त्या वळणाकडे चालला आहात. तिसऱ्या आठवड्यात मला बरं वाटायला लागलं. दुखणं संपलं होतं, ड्रेन निघाले होते. एका संध्याकाळी कपाटाच्या वरच्या फळीवरची चादर ओढली. जड नव्हती हो. हात वर गेला, चादर अडकली, मी झटका दिला, आणि उजवीकडे आत काहीतरी सुतासारखं ताणलं गेलं. आवाज नाही, पण जाणवलं. मी त्या चादरीवरच बसले. दुसऱ्या दिवशी सर्जननी सोनोग्राफी केली. टाके शाबूत होते, पण सूज परत आली आणि खालच्या घडीवर बांधायचा आधाराचा पट्टा आणखी दोन आठवडे वाढला. तेव्हापासून सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवली. घट्ट झाकणं आधीच कुणाकडून तरी सैल करून घेतली. जड दार ओढायचं नाही, पाठीनं ढकलायचं. पलंगावरून उठताना तळहात टेकायचा नाही. पाय खाली सोडायचे आणि कुणाला तरी पाठीमागून धरायला सांगायचं. छातीचा स्नायू किती ठिकाणी वापरतो हे आपल्याला तो दुखेपर्यंत माहीत नसतं.

झोपेसाठी: पाठीमागे उतरती उशी, साधारण ३० ते ४५ अंश, गुडघ्यांखाली एक जाड उशी, आणि दोन्ही दंडांखाली एकेक. दंडांखालच्या उश्यांनी मला सगळ्यात जास्त फरक पडला, कारण हात लटकले की छाती ओढली जाते.

विजेसारख्या कळा म्हणजे नसा जाग्या होताहेत. मला त्या चौथ्या महिन्यापर्यंत येत होत्या, क्वचित निपलमध्ये, आणि मी दचकून हातातली वस्तू सोडायची. जिथं बधिर आहे तिथं जाणीव परतताना आधी अशा कळा येतात, मग मुंग्या, मग खाज. सगळ्यांची जाणीव पूर्ण परत येतेच असं नाही. माझ्या उजव्या घडीखाली आजही रुपयाएवढा भाग मुका आहे.

आईचं. माझ्या सासूबाई असंच म्हणाल्या होत्या. मी त्यांना एकदा ड्रेनची नळी धरायला दिली. फक्त धरा, मी रिकामं करते, म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच वेळ झाली की यायच्या. तुमची आई येईलच असं नाही म्हणत. पण तिच्यासमोर दुखणं लपवून तुम्ही एकट्या पडताय, ते नको.

वॉर्डातली

मी शस्त्रक्रिया वॉर्डात नर्स आहे, बरीच वर्षं. ड्रेनबद्दल लिहिते.

४० चा ४५ झाला यात घाबरण्यासारखं काही नाही. त्या दिवशी जास्त चाललात, हात जास्त हलला, किंवा मोजण्याची वेळ दोन तास पुढे गेली तरी एवढा फरक पडतो. रोज त्याच वेळी मोजा. आकड्याइतकाच रंगही लिहा. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर पाण्यासारखा, हा क्रम बरोबर. परत गडद लाल झाला तर कळवा. साधारण २४ तासांत २५-३० मिलीच्या खाली, तेही लागोपाठ दोन दिवस, असं झालं की बहुतेक सर्जन काढतात. तुमच्या सर्जनचा आकडा वेगळा असू शकतो.

नळीच्या टोकाचा बल्ब, ज्यात पाणी जमतं, तो नेहमी दबलेला हवा. फुगलेला बल्ब ओढत नाही. रिकामा करून मुठीत पूर्ण दाबायचा आणि दाबलेलाच ठेवून बूच लावायचं. नळीत धाग्यासारखी गुठळी दिसली तर त्वचेजवळ एका चिमटीनं नळी घट्ट धरा, म्हणजे टाक्यावर ओढ बसणार नाही, आणि दुसऱ्या चिमटीनं खाली बल्बकडे सरकवत न्या. बल्ब जखमेच्या खालच्या पातळीवर पिनेनं कपड्याला लावलेला ठेवा. आधी आणि नंतर हात साबणानं. एक गोष्ट लोकांना उलट वाटते: आकडा अचानक शून्यावर आला आणि छाती फुगली, तर जखम बरी झाली असं समजू नका, नळी बंद झाली आहे. लगेच फोन.

बधिर भागावर बर्फ किंवा गरम पाण्याची पिशवी कधीच नाही. जाणीव नसते म्हणून कातडी भाजते आणि रुग्णाला कळत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, नव्या इम्प्लांटवरच्या पातळ कातडीवर फोड आलेले. दुखण्याच्या गोळीत पॅरासिटामॉल आधीच असतं का ते वाचा, वर वेगळी घेऊ नका.

रात्री-अपरात्रीही थांबायचं नाही अशा गोष्टी: एक बाजू काही तासांत ताणून मोठी झाली आणि दुखणं वाढलं. ताप ३८ अंशांच्या वर. लाली पसरतेय, शंका असेल तर लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारा आणि चार तासांनी बघा, ओलांडली तर निघा. जखमेतून पू किंवा वास. आणि पोटरी एका बाजूची सुजली-दुखली किंवा धाप लागली, छातीत कळ आली तर सर्जनच्या फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सी. म्हणूनच सांगते, हात जपा पण पाय चालवत राहा, दर दोन तासांनी घरातल्या घरात.

निकोटिन कुठल्याही रूपात नाही, च्युइंग गमसुद्धा नाही. कातडीचा रक्तपुरवठा आवळतो.

कुंपणावरची

मी तुमच्या जागी असताना वेगळा पर्याय निवडला. दुसऱ्यांदा आवळल्यावर दोन्ही काढून टाकले आणि नवे घातले नाहीत. म्हणून माझा सल्ला बरं होण्याबद्दल फार उपयोगाचा नाही. पण "स्वतःहून ओढवून घेतलं" हे मी सहा वर्षं रोज ऐकलं, जास्त करून स्वतःच्याच तोंडून. त्याचा एक तोटा झाला: दुखत असूनही मी दोन वर्षं दाखवायला गेले नाही, कारण मला तक्रारीचा हक्क नाही असं वाटायचं. ओलीमाती, आज जे फोन करायचे ते करा. तुम्ही पेशंट आहात, एवढं पुरे.

ओलीमाती

तुम्हा तिघींना काय म्हणू. वाचताना दोनदा थांबावं लागलं.

आज फोन केला. रातवा, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आत टाके आहेत. दोन्हीकडे. मसाज अजिबात नाही, सहा आठवड्यांनी बघून ठरवू म्हणाले. मी उद्या सकाळी सुरू करणार होते.

आज दंडांखाली उश्या घेतल्या आणि पहिल्यांदा सलग चार तास झोपले.

एक विचारायचं राहिलं, आणि ते विचारायलाच भीती वाटते. हे परत होतं का? म्हणजे आवळणं.

रातवा

होऊ शकतं. खोटं सांगून तुम्हाला धीर द्यायचा नाही मला. मी हाच प्रश्न माझ्या सर्जनला विचारला तेव्हा त्यांनी एका मोठ्या इम्प्लांट कंपनीचा दहा वर्षांचा पाठपुरावा दाखवला. पहिल्यांदा इम्प्लांट केलेल्यांत सुमारे १९ टक्के बायकांना ग्रेड ३ किंवा ४ चं आवळणं झालं, दुसऱ्यांदा केलेल्यांत सुमारे २९ टक्के. जास्त आहे, हे खरं. मी तो कागद घरी आणून उलटीकडून मोजला: शंभरातल्या ७१ जणींना झालं नाही. आणि तुमच्याकडे जे केलंय, जुनी कॅप्सूल पूर्ण काढणं, इम्प्लांट नवं घालणं, जागा बदलून स्नायूखाली नेणं, ते हेच टाळण्यासाठी करतात.

पुढच्या तपासण्या आत्ताच कॅलेंडरवर लिहा. तुमचं इम्प्लांट नकळत फाटलं होतं, मग तुम्हाला हे कुणी समजावून सांगायला नको. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२० मध्ये सिलिकॉनच्या इम्प्लांटसाठी अशी शिफारस केली की त्रास नसला तरी पहिला एमआरआय किंवा सोनोग्राफी पाच-सहा वर्षांनी, मग दर दोन-तीन वर्षांनी. इम्प्लांटची कार्डं, दोन्ही बाजूंचे क्रमांक असलेली, जुन्याची आणि नव्याची, एका पाकिटात ठेवा आणि ते कुठं आहे हे नवऱ्याला सांगा.

वॉर्डातली

यात भर: जुन्या इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत होता की खरखरीत, हे त्या कार्डावरून सर्जनला विचारून घ्या. खरखरीत पृष्ठभागाचा संबंध लिम्फोमा या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराशी आढळला, म्हणून २०१९ मध्ये त्यातला एक प्रकार जगभरातून परत मागवला गेला. तुमचं काढून झालंय, काढलेली कॅप्सूल पॅथॉलॉजीला पाठवली असेल तर रिपोर्ट मागून घ्या. आणि सगळ्यांसाठीच: शस्त्रक्रियेला वर्ष उलटल्यावर एक बाजू पाणी भरल्यासारखी सुजली तर नुसतं पाणी काढून घरी येऊ नका, ते तपासायला पाठवलंय ना, हे विचारा.

ओलीमाती

सतरावा दिवस.

ड्रेन चौदाव्या दिवशी निघाला, शेवटचे दोन आकडे २५ आणि २०. काढताना श्वास सोडायला सांगितलं आणि आतून एक लांब गार ओढ गेली, दुखलं असं नाही. जागेवर वाटाण्याएवढं भोक होतं, आज त्यावर खपली आहे. कॅप्सूलचा रिपोर्ट आला, त्यात वावगं काही नाही. जुने इम्प्लांट गुळगुळीत होते.

डावी बाजू अजून वर आहे. दोन बोटांची दीड झाली असं मला वाटतं, पण ते मी रविवारच्या फोटोंवर सोडलंय. टणकपणा बगलेकडून कमी होतोय, मध्ये आहे तसाच. सकाळचा पट्टा आता दहा मिनिटांत सुटतो. घरून बसून काम सुरू केलं, दुपारपर्यंतच, लॅपटॉप कुणीतरी उचलून देतं.

ड्रेन काढायच्या आदल्या रात्री मी आईला बल्बचं बूच लावायला सांगितलं. माझ्या एका हातानं पूर्ण दाबला जात नव्हता, हे खरंच होतं. तिनं दोन्ही हातांनी दाबला, बूच लावलं, मग चष्मा लावून मापाच्या भांड्यातली रेघ बघितली आणि वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: २०. त्याच्यापुढे तिनं वेळही लिहिलीय, रात्री ९.१०. मी कधी लिहिली नव्हती.